नववी टाइल आणि उपडी बादली

मी एक बादली बोलतेय. नारिंगी रंगाची, पांढऱ्या कडीची, वीस लिटरची. आवाज जरा घुमतोय माझा, कारण सध्या मी उपडी आहे. पण उपडं असण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझ्या आयुष्यात जे जे महत्त्वाचं घडलं, ते मी उपडी असतानाच घडलं. सुलटी असताना माझ्यात फक्त पाणी पडलं. आणि गरम पाणी तर किती कमी पडलं, ते सांगायलाच आज तोंड उघडलंय.

माझा जन्म चार सेकंदांत झाला. प्लास्टिकचे दाणे वितळले, साच्यात शिरले, फुस्स झालं आणि मी बाहेर. माझ्या मागोमाग माझी बहीण, तिच्या मागोमाग तिची बहीण. आम्हा चाळीस बहिणींना एकीत एक घालून ट्रकमध्ये रचलं आणि लांबच्या प्रवासाला धाडलं. त्या अंधारात, एकमेकींच्या पोटात बसून, आम्ही भलतीच मोठमोठी स्वप्नं पाहिली. काठोकाठ भरायचं, कुणाला कमी पडू द्यायचं नाही, जग धुऊन काढायचं. हसू नका. वीस लिटर पोट असलं की स्वप्नंही त्याच मापाची पडतात.

दुकानात मला घ्यायला आले ते एक उंच, किडकिडीत गृहस्थ. त्यांनी मला वाजवून पाहिलं, कडी ओढून पाहिली, आणि टिकेल ना, असं तीनदा विचारलं. दुकानदाराने मग मला उपडी केलं आणि चपलांसकट माझ्यावर उभा राहिला. तसाच उभा राहून त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाला सुतळीही मोजून दिली. किडकिडीत गृहस्थ खूश झाले. त्या क्षणी माझं नशीब ठरलं. मला घेतलं पाणी भरायला, पण त्या घराच्या मनात ठसलं ते एवढंच, की हिच्यावर उभं राहता येतं.

घर तिसऱ्या मजल्यावर. न्हाणीघर लहान, पण टापटीप. भिंतीला पांढऱ्या चौकोनी टाइल, खिडकी वहीएवढी. वर भिंतीवर गीझर, पोटुशा पाहुण्यासारखा टांगलेला. त्याला दोन नळ्या. एकीतून गार पाणी आत जातं आणि तिच्यावर छोटा कॉक. दुसरीतून गरम पाणी भिंतीतल्या पाइपात उतरतं आणि खाली गार-गरम एकत्र करणाऱ्या मिक्सरला येऊन मिळतं. तिथून हवं तर नळाला, हवं तर शॉवरला. सुरुवातीला त्या नळाखाली मी गार पाण्याने सत्तर सेकंदांत भरायचे आणि गरम पाण्याने पंचाहत्तर. मी रोज काठोकाठ, रोज कृतार्थ. वाटलं, चाळीस बहिणींत माझंच भाग्य उजळलं.

ते किडकिडीत गृहस्थ म्हणजे घरातले बाबा. बस डेपोत वेळापत्रकं करतात. सवय जाते कुठे? न्हाणीघराच्या दारावरही त्यांनी वेळापत्रक चिकटवलं होतं. कोण किती वाजता आत जाणार, किती वाजता बाहेर येणार, आणि खाली टीप: 'उशीर झाल्यास कृपया पुढच्या प्रवाशाला कळवावे.' आई लहान मुलांच्या शाळेत शिकवते. ती त्या टिपेखाली लाल पेनाने बरोबरची खूण करून गेली होती.

वर्षभराने आत्या आली. बाबांची धाकटी बहीण. दोन बॅगा आणि कात्र्यांचा एक लाकडी डबा. तिचं लग्न मोडलं होतं. त्याबद्दल ती एकदाच बोलली, तेही मिक्सर पुसता पुसता, आणि ते माझ्यापाशीच राहील. ती केस कापते, आणि असे कापते की माणूस खुर्चीतून उठतो तेव्हा आरशाला विचारतो, हा कोण? चौकातल्या पार्लरमधली खिडकीजवळची खुर्ची तिची होती. दारावरच्या वेळापत्रकात तिचं नाव सगळ्यात वर लागलं, सहा दहा. तिच्यानंतर बाबा, सहा तीस.

आता माझ्या डोक्यावर जे तीन जण चढले, त्यांची हकीकत.

पहिली आत्या. येऊन आठवडाही झाला नव्हता. भर दुपारी, घरात कुणी नसताना, तिने मला उपडी केलं, वर चढली, गीझरच्या गरम पाण्याची नळी सोडवली आणि तिच्या तोंडात एक वाटोळी चकती बसवली. केसांच्या क्रीमच्या डबीचं झाकण कात्रीने गोल कापलेलं, मधोमध कात्रीच्या टोकाने पाडलेलं वाटाण्याएवढं भोक. नळी परत आवळली, उतरली आणि म्हणाली, "पुरे एवढं." कशाला पुरे, ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी गरम पाण्याने तीन मिनिटांत भरू लागले.

दुसरे बाबा. तोवर घरात चिंगी आली होती आणि दोन वर्षांची होऊन सगळीकडे धावत होती. एका सकाळी बाबा पेपर वाचत असताना ती आत शिरली आणि तिने गरम पाण्याचा नळ सोडला. भाजलं नाही, नुसतीच दचकून रडली. पण बाबांचा चेहरा पांढरा पडला. आईला कळलं असतं तर पेपर कायमचा बंद झाला असता. तेव्हा त्यांनी आईला काही सांगितलं नाही, माझ्यावर चढले आणि गीझरचा कॉक निम्म्याहून जास्त आवळला. सहा मिनिटं.

तिसरी आई. बाबांचे केस गळू लागले होते आणि ते पाण्याला दोष द्यायचे. पाण्यात गंजाचे कण आहेत, म्हणायचे. आईला ठाऊक होतं की त्यांच्या वडिलांचेही असेच गेले होते, पण नवऱ्याचं मन कोण मोडणार? तिने चहाच्या गाळण्याची जाळी कापली. मग माझ्यावर चढून कॉक बंद केला आणि मिक्सरच्या गरम बाजूच्या तोंडात ती जाळी बसवली. परत चढून कॉक उघडला, तो बरोबर जितका होता तितकाच. शिक्षिका ना. दुसऱ्याच्या वहीत आपण खाडाखोड करू नये. घरात दोन दिवस गाळणं सापडेना म्हणून शोधाशोध झाली. आईनेही शोधलं, सगळ्यात मन लावून. केस गळत राहिले, जाळीवर क्षार साठत राहिले, आणि मी नऊ मिनिटांवर पोचले.

नऊ मिनिटं म्हणजे किती, ते विचारा मला. बाबांची दोन गाणी संपूर्ण, तीही आलापासकट. आईचा उद्याचा अख्खा धडा. चिंगी माझ्यापाशी बसून पाढे म्हणायची, ती एकोणतिसापर्यंत पोचली. वर्गातल्या बाईंना वाटायचं, मुलगी हुशार आहे. हुशारी कसली? पाणी भरत नव्हतं. तिघांपैकी कुणालाच दुसऱ्याचं माहीत नव्हतं. जो तो समजत होता की धार बारीक झाली ती आपल्यामुळे, आणि म्हणून जो तो पाण्याचा विषय निघाला की हवामानावर बोलू लागायचा. माणसं सवयीची अशी गुलाम की गरम पाणी करंगळीएवढंच येतं, हा जणू सृष्टीचा नियमच झाला होता त्या घरात.

मग आत्याचा खांदा आखडला.

उजवा हात वर जाईना. छातीच्या वर उचलला की कळ यायची आणि कात्री हातातून पडायची. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, रोज सकाळी दहा मिनिटं खांद्यावर गरम पाण्याची जोरदार धार घ्यायची. दुसरी, ती झाल्याझाल्या भिंतीसमोर उभं राहून बोटांनी टाइल चढायच्या, मुंग्या चढतात तशा. आत्याची बोटं सहाव्या टाइलपर्यंत जात. कोपर सैल ठेवून नववी गाठली की हात खांद्याइतका वर येतो आणि केस कापता येतात. चिंगीने नवव्या टाइलवर चांदणीचं स्टिकर चिकटवलं.

आणि मुदत होती. पार्लरच्या मालकीणबाई भल्या, पण खुर्ची दोन महिने रिकामी. त्यांनी निरोप धाडला होता की महिनाअखेरपर्यंत वाट बघते, मग खिडकीजवळची खुर्ची नव्या मुलीला द्यावी लागेल. हातात तीन आठवडे होते. आत्या हसत हसत म्हणायची, नाहीतर मी दारावर पाटी लावेन, फक्त बुटक्यांचे केस कापून मिळतील. पण रोज सकाळी दार लावून घेतलं की ती त्या चांदणीकडे कशी बघायची, ते मी पाहिलंय.

आता जोरदार धार आणायची कुठून? शॉवरच्या साठ भोकांपैकी सात चालू, आणि त्यातलं एक भिंतीवर नेम धरून बसलेलं. बाबांनी ताटाएवढा नवा शॉवर आणून लावला. तेवढंच पाणी आता दीडशे भोकांत वाटलं गेलं. आत्या म्हणाली, "दादा, हा शॉवर आहे की झाडावरचं दव?" आई मग रोज तिच्या खांद्यावर मगाने पाणी ओतू लागली, पण तो दर वेळी माझ्यात बुडवावा लागतो. तेवढ्यात खांदा गार. आठवडा गेला. बोटं सातव्या टाइलवर अडली.

तेव्हा बाबांचं आणि आईचं मन खाऊ लागलं. आणि एकाच रविवारी दोघांनी आपापलं पाप निस्तरायचं ठरवलं. अर्थात एकमेकांना न सांगता.

सकाळी आई बाजारात गेली, तसे बाबा मला उपडी करून चढले आणि त्यांनी कॉक पूर्ण उघडला. सात वर्षांनी. उतरताना शीळ घालत होते. दुपारी ते डुलकी काढत असताना आई आत आली, मला उपडी केलं, चढली, आणि जाळी काढता यावी म्हणून कॉक पूर्ण बंद केला. खाली बसून तिने पान्याने मिक्सर सोडवला, जाळी काढली आणि मिक्सर परत बसवला. कॉक उघडायला म्हणून पुन्हा चढली, तेवढ्यात बाहेर बाबांच्या चपला वाजल्या. आई पदर खोचून, पाना पदराखाली लपवून, अशी धपकन उतरली की माझ्या बुडात कट् झालं. ती गेली. त्या धांदलीत कॉक उघडायचा राहिलाय हेच ती विसरली, आणि तो तसाच राहिला. बंद.

मी ओरडले असते. पण उपड्या बादलीचं ओरडणं म्हणजे नुसता अंधार.

सोमवारी सहा दहाला आत्या शॉवरखाली उभी राहिली आणि गरम पाण्याचा एक थेंब आला नाही. बाबांना वाटलं, कॉक फिरवताना आपण गीझर मोडला. आईला वाटलं, मिक्सर बसवताना आपण काहीतरी उलटं लावलं. चहाच्या वेळी दोघं आत्याशी इतकं गोड वागले की विचारू नका. एक तिला खुर्ची सरकवून देतोय, दुसरी तिच्या ताटलीत बिस्किटं रचतेय. न्हाणीघराचं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. शेवटी आत्याने कप खाली ठेवला आणि विचारलं, "डॉक्टर काही बोललेत का तुम्हाला? किती दिवस उरलेत माझे?"

तेव्हा कुठे बाबांनी प्लंबरला फोन केला.

प्लंबर म्हणजे एक दणकट बाई निघाल्या. डोक्यावर दाट केसांचा अंबाडा आणि त्यात खोचलेली पेन्सिल. आत्याने आधी केसांकडे पाहिलं, मग माणसाकडे. प्लंबरताईंनी मात्र आधी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, घरात बादली आहे ना, मग दुसरं काही यंत्र नको. माझी छाती भरून आली. मला गार पाण्याखाली ठेवून त्यांनी घड्याळ लावलं. पंचाहत्तर सेकंद, माझ्या नेहमीच्या सत्तराहून पाच जास्त; का, ते मी बोलले नाही. "गार पाणी झकास. म्हणजे रोग गरम पाण्याच्या वाटेवरच आहे." गरम नळ सोडला. काही नाही. त्यांनी मला उपडी केलं, चढल्या, कॉकला हात लावला आणि वरूनच खाली पाहिलं.

"हा कुणी बंद केला?"

आई आणि बाबा दोघंही एकदम भिंतीवरच्या टाइल मोजू लागले.

"बंद नाही, मी तर उघडला होता," बाबा म्हणाले.

"तुम्ही उघडला होतात? म्हणजे आधी बंद होता?" आईने विचारलं.

मग काय, एकेक करून सगळं बाहेर आलं. चिंगी, पेपर, नळ, गाळणं. आईने मागच्या खिशातून पुरावा काढावा तशी पदराखालून ती क्षारांनी पांढरी झालेली जाळी काढली. बाबांनी एक हात टकलावर ठेवला आणि दुसऱ्याने जाळी धरली, आणि आरशात दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिले. आई म्हणाली, सात वर्षं तुम्ही मला सांगितलं नाहीत. बाबा म्हणाले, मी दोन दिवस गाळणं शोधलं, पलंगाखालीसुद्धा. भांडण रंगणार होतं, पण प्लंबरताईंनी वरूनच सांगितलं, माझ्या पायाखाली बादली आहे, जरा बेताने भांडा.

त्यांनी कॉक उघडला, गीझरच्या पोटाखालची चावी जरा मागे फिरवली आणि बाबांना म्हणाल्या, "साहेब, लेकरू भाजेल अशी भीती असेल तर पाणी अडवायचं नसतं. ताप कमी करायचा असतो." आईला सांगितलं, जाळी लावा, पण तयार मिळते ती, आणि दर तीन महिन्यांनी धुवा. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. अडवू नका, ताप कमी करा, धुवत राहा. अख्ख्या जगाच्या भिंतीवर लिहावं असं वाटलं मला.

पण मला पुन्हा नळाखाली ठेवलं तर तीन मिनिटं. नऊपेक्षा बरी, तरी धार अजून लेचीपेचीच. प्लंबरताईंनी गरम पाण्याच्या नळीला हात लावून पाहिलं. तिचा नट गंजून घट्ट बसलेला, वर रंगाचे दोन थर. त्या म्हणाल्या, नळी बाहेरून धडधाकट दिसतेय. या इमारतीत सगळ्यांच्या भिंतीतले पाइप क्षारांनी भरलेत, तुमचाही तोच असणार. फोडावं लागेल. सहाव्या टाइलपासून अकराव्यापर्यंत. काम पाच दिवसांचं, मग सुकायला दहा दिवस. तोवर न्हाणीघर बंद.

महिनाअखेर बारा दिवसांवर होती.

खडूने रेघ मारली गेली. छिन्नी चांदणीवर टेकली. चिंगीने आधी ते स्टिकर नखाने काढून घ्यायचा प्रयत्न केला, ते निघेना. बाबा आत्याला धीर देत होते की कुठेतरी सोय करू, शेजारी विचारू. आत्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि ती बाबांकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मला सगळं माहीत होतं आणि ते तिला माहीत होतं. बोल गं बाई, मी मनात म्हणत होते. मी अकरा वर्षं तुझं ओझं डोक्यावर घेतलंय, आता तू ते खाली ठेव. हातोडा वर गेला.

"थांबा," आत्या म्हणाली. "भिंतीला काही झालेलं नाही. नळीत चकती आहे. मी घातलीय."

हातोडा हवेतच राहिला.

"इथे आले तेव्हा पहिले चार दिवस माझ्यानंतर दादाची आंघोळ असायची," ती सांगू लागली, भिंतीकडे बघत. "गीझर एवढासा. पाणी मी संपवायचे. हा गार पाण्याने आंघोळ करून बाहेर यायचा आणि म्हणायचा, छान होतं पाणी. मला त्याचे दात वाजताना ऐकू यायचे. मी म्हटलं, आपण आधीच याच्या घरात येऊन पडलोय, त्यात याचं पाणीही घ्यायचं? म्हणून माझं पाणी मी कमी केलं. नळी एकच आहे, सगळ्यांचंच कमी होईल, हे डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं. काढायला गेले तर मीच घट्ट आवळलेला नट हलेना. मग तुम्हाला सांगायचं तर का घातली तेही सांगावं लागलं असतं."

आईने तिचा डावा हात धरला. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अकरा वर्षं तू इथे पाहुणी म्हणून राहिलीस होय?" ते म्हणाले. "आणि मी समजत होतो, माझी बहीण राहतेय."

"चुकलं माझं."

"चुकलंच. आणि पाणी खरंच छान होतं. मला गारच आवडतं."

"खोटारडा," आत्या म्हणाली, आणि रडता रडता तिला असं हसू फुटलं की प्लंबरताईंनाही छिन्नी खाली ठेवावी लागली. एवढ्यात चिंगीने हिशोब केला होता. तिने सगळ्यांना बजावलं की या घरात पाणी अडवलं नाही अशी ती एकटीच आहे, आणि मोठेपणी हे ती सगळ्यांना सांगणार आहे.

नट निघायला पाऊण तास लागला. तेल, गरम फडका, मोठा पाना, आणि प्लंबरताईंच्या तोंडून असे काही शब्द की आईने चिंगीला पाणी आणायला पिटाळलं. शेवटी करकर करत नट फिरला आणि नळीतून ती चकती माझ्यावर टण्‌कन पडली. क्षाराने चुन्याच्या वडीसारखी झालेली, मधलं वाटाण्याएवढं भोक तेवढं धारेने मोकळं ठेवलेलं. आत्याने ती उचलून खिशात घातली. नळी जोडली. मला सुलटी केलं. नळ सोडला.

आणि ते आलं. काय सांगू तुम्हाला. धबधबा म्हणा, टाळ्यांचा कडकडाट म्हणा, चाळीस बहिणी एकदम हसत सुटल्या म्हणा. मी गरगरले, थरथरले, कडी आपोआप वाजू लागली. वाफेने आरसा गेला, बाबांचा चष्मा गेला. चिंगी ओरडून सेकंद मोजत होती, साठ, सत्तर, पंचाहत्तर, पण मी काही भरेना. ऐंशीला कुठे काठाशी पोचले, तोवर प्लंबरताई वाकून माझ्या बुडाखाली बघू लागल्या होत्या. एक बारीक रेघ आणि तिच्यातून झिरपणारं पाणी. कालपासून मी ती लपवली होती. फुटकी ठरले तर टाकतील, आणि मग आत्याच्या खांद्यावर ओतायला बादली नसेल, म्हणून. तेव्हा कळलं, मीही त्यांच्यातलीच. प्रेमापोटी गप्प बसणाऱ्यांत माझाही नंबर लागतो.

मला बाजूला करताना कुणाचा तरी कोपर शॉवरच्या चावीला लागला. ताटाएवढ्या त्या शॉवरची दीडशेच्या दीडशे भोकं एकदम उघडली आणि खाली उभी असलेली आत्या कपड्यांसकट न्हाऊन निघाली. ती हलली नाही. डोळे मिटून, उजवा खांदा पुढे करून तशीच उभी राहिली. चिंगीने उडी मारली, आईला कुणीतरी ओढलं, बाबा वेळापत्रक भिजेल म्हणून ओरडत होते आणि स्वतः धारेखाली येऊन ओरडत होते. दहा मिनिटांनी आत्याची बोटं भिंत चढू लागली. खडूची रेघ ओलांडून सहा, सात, आठ. आठवर थांबली. त्या दिवशी तेवढंच. पण आठ.

पुढचे बारा दिवस ती सगळ्यात आधी आत जायची आणि मनसोक्त वेळ लावायची. दारावर बाबांनी नवं वेळापत्रक लावलं होतं. त्यात तिच्या नावापुढे बाहेर यायची वेळ लिहिलेलीच नव्हती. बाराव्या सकाळी, न्हाणीघरात मी आणि ती दोघीच असताना, तिचं मधलं बोट चांदणीवर टेकलं. तिने कुणाला हाक मारली नाही. बोट तसंच ठेवून दुसऱ्या हाताने तिने माझी कडी एकदा वाजवली.

त्याच दिवशी ती खुर्चीवर परतली. पहिलं गिऱ्हाईक प्लंबरताई. अंबाडा सोडला तेव्हा त्यातून आणखी दोन पेन्सिली निघाल्या, म्हणे.

घरात आता नवी बादली आली आहे, हिरवी. तिला फारसं काम नाही, शॉवर जोरात आहे. मला टाकायला बाबांनी जिन्यापर्यंत नेलंही होतं, पण आत्याने परत आणलं. उपडी ठेवली की फट कशाला आड येते, म्हणाली. तेव्हापासून मी पार्लरमध्ये आहे, खिडकीजवळच्या खुर्चीच्या पायाशी. लहान मुलं माझ्यावर पाय ठेवून खुर्चीत चढतात. आरशाला एका कोपऱ्यात ती चकती चिकटवलेली आहे. गिऱ्हाइकं विचारतात हे काय, आणि आत्या सांगते. दर वेळी थोडं वेगळं सांगते, दर वेळी लोक हसतात.

एवढंच माझं आयुष्य. जाता जाता एक विनवणी. तुमच्याही घरात गरम पाण्याची धार बारीक झाली असेल, तर भिंतीवर छिन्नी ठेवण्याआधी एक बादली नळाखाली ठेवा, घड्याळ लावा आणि मग घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून नुसतं विचारा. आणि कुणी खाली बघू लागलं, तर ओरडू नका. त्याने बहुधा तुमच्यासाठीच अडवलेलं असतं.

बरं, आता गप्प बसते. एक छोटी पोरगी आलीये, कपाळावरच्या बटा डोळ्यांत जातायत तिच्या. चढ गं बाई, बिनधास्त चढ. हत्तीलाही पेलेन मी.